वेस्टर्न पाहायला सुरुवात करताना: एकेक नव्हे, जोडीजोडीने

आपल्याकडे साठी ओलांडलेल्या माणसासमोर वेस्टर्नचा, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या काऊबॉय-बंदुकांच्या चित्रपटांचा, विषय काढला की बहुधा पहिलं नाव निघतं ते 'मॅकेनाज गोल्ड'चं. १९६९चा हा चित्रपट अमेरिकेत फारसा चालला नाही, भारतात मात्र तुफान चालला. त्यानंतरच्या पिढीला आठवतो तो क्लिंट ईस्टवुड: अंगावर पाँचो, दातात चिरूट आणि पाठीमागे ती शिट्टीची धून. पण हे सगळं या परंपरेच्या उत्तरार्धातलं आहे. तिथून सुरुवात केली की आधीचं सगळं जुनाट आणि संथ वाटायला लागतं, आणि जॉन फोर्ड, हॉवर्ड हॉक्स, अँथनी मान हे दिग्दर्शक कायमचे राहून जातात. वेस्टर्नचा खरा ऐवज साधारण १९३९ ते १९६२ या काळात आहे. नवख्या प्रेक्षकाने त्यात शिरायचं कसं, ते इथे सांगतो.

माझा आग्रह एकच आहे. वेस्टर्न सुटा पाहू नका, जोडीने पाहा. ही मंडळी एकमेकांचे चित्रपट पाहायची, कधी भारावून जायची, कधी चिडायची, आणि त्या भरात आपला पुढचा चित्रपट काढायची. लावणीतल्या सवाल-जवाबासारखा हा मामला आहे: नुसता जवाब ऐकला तर गंमत निम्मीच कळते. नटांचंही तसंच. तेच चेहरे वीस-वीस वर्षं फिरून येतात आणि दिग्दर्शक त्यांच्या जुन्या भूमिकांचा जाणूनबुजून वापर करतात.

पहिली पायरी: थोडा इतिहास

जास्त नको, अर्धा तास पुरे. बहुतेक वेस्टर्न १८६५ ते १८९० या पंचवीस वर्षांत घडतात, म्हणजे अमेरिकेतलं गृहयुद्ध संपल्यापासून पुढे. चार गोष्टी लक्षात ठेवल्या तर निम्म्याहून अधिक कथानकं आपोआप उलगडतात. १८६२च्या कायद्याने सरकार पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर देऊ लागलं, त्यामुळे छोटे शेतकरी पश्चिमेला सरकले. टेक्ससमधली गुरं हजारोंच्या कळपांनी उत्तरेकडे कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत हाकत न्यायची, हा काऊबॉयचा धंदा. १८६९मध्ये रेल्वेमार्ग पूर्व-पश्चिम जोडला गेला. १८७४मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि मोकळ्या कुरणांना कुंपणं पडू लागली. गुरांचे मोठे मालक विरुद्ध कुंपण घालणारे शेतकरी हे भांडण जॉर्ज स्टीव्हन्सच्या 'शेन' (१९५३) मध्ये आहे, गुरांचा लांबचा प्रवास हॉक्सच्या 'रेड रिव्हर' (१९४८) मध्ये.

थोडी ओळख पदांचीही असू द्या. शेरीफ हा काऊंटीतल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातल्या, लोकांनी निवडून दिलेला अधिकारी. मार्शल बहुधा नेमलेला, गावाने किंवा केंद्र सरकारने. डेप्युटी म्हणजे त्याचा हाताखालचा माणूस. गुन्हेगाराच्या पाठलागासाठी गावातून जमवलेली माणसं म्हणजे पॉसी. इनामासाठी फरारी पकडणारा तो बाउंटी हंटर. त्याच्याकडे संशयानेच पाहिलं जातं.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करा. प्रत्यक्षातल्या काऊबॉयांमध्ये कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसं मोठ्या संख्येने होती. पडद्यावर ती जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे आपण पाहतो तो इतिहास नव्हे, अमेरिकेने स्वतःविषयी रचलेली कथा आहे. ती तशीच पाहावी; त्याने तिची किंमत कमी होत नाही.

याच बैठकीत 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा १९०३चा मूकपट पाहून टाका. बाराएक मिनिटांचा आहे, स्वामित्वहक्क संपल्यामुळे इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतो. एडविन पोर्टरने तो पश्चिमेपासून दूर, न्यू जर्सीकडे चित्रित केला होता. रेल्वेवरचा दरोडा, घोड्यांवरून पाठलाग, शेवटी गोळीबार: सगळा साचा तेव्हाच तयार होता.

दुसरी पायरी: 'हाय नून' आणि 'रिओ ब्राव्हो'

पहिली जोडी हीच असावी. 'हाय नून' (१९५२) फक्त ८५ मिनिटांचा आहे आणि कथेतला काळही जवळपास तेवढाच. मार्शल विल केनचं नुकतंच लग्न झालंय, तो पद सोडून निघालाय, तेवढ्यात कळतं की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटून दुपारी बाराच्या गाडीने येतोय. केन मदतीसाठी दारोदार फिरतो. एकेक जण कारण सांगून अंग काढून घेतो. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन वारंवार भिंतीवरची घड्याळं दाखवतो, आणि प्रत्येक वेळी लंबक अधिक मोठा वाटायला लागतो. गॅरी कूपर तेव्हा पन्नाशीचा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा आणि भीती लपवायचा प्रयत्न कुणी केलेला नाही, आणि चित्रपटाचं मोठेपण त्यातच आहे. त्याआधीच्या वेस्टर्न नायकाला घाबरण्याची मुभा नव्हती.

पटकथाकार कार्ल फोरमन याला चित्रपट तयार होत असतानाच कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे बोलावलं गेलं. त्याने सहकाऱ्यांची नावं सांगायला नकार दिला, काळ्या यादीत, म्हणजे काम न द्यायच्या माणसांच्या यादीत, गेला आणि इंग्लंडला निघून गेला. मित्र एकेक करून पाठ फिरवतात ही गोष्ट तो स्वतः जगत होता. हे माहीत असलं की चर्चमधला प्रसंग वेगळाच दिसतो.

या भूमिकेसाठी कूपरला ऑस्कर मिळालं. समारंभाला तो हजर नव्हता. त्याच्या वतीने पुतळा स्वीकारला नट जॉन वेनने. आणि याच वेनला हा चित्रपट मनापासून नावडत होता! हॉवर्ड हॉक्सलाही. चांगला शेरीफ गावभर मदत मागत फिरेलच कसा, असा हॉक्सचा आक्षेप होता. दोघांनी मिळून १९५९मध्ये 'रिओ ब्राव्हो' केला. इथे वेनचा शेरीफ मदत मागत नाही. लोक देऊ करतात तरी नाकारतो, कारण नवशिक्यांचा जीव जाईल. त्याच्याबरोबर असतात एक दारुडा माजी डेप्युटी (डीन मार्टिन), एक लंगडा म्हातारा (वॉल्टर ब्रेनन) आणि एक कोवळा पोरगा. चित्रपट दोन तास वीस मिनिटांचा, निवांत, मध्ये गाणीसुद्धा आहेत. सुरुवातीची काही मिनिटं एकही संवाद नाही: दारूसाठी तडफडणाऱ्या माणसापुढे कुणीतरी नाणं पिकदाणीत फेकतं, एवढ्यावर माणसाची सगळी घसरण कळते. पटकथा कशी लिहावी हे शिकणाऱ्याने ती मिनिटं परत परत पाहावीत.

कोणता चित्रपट बरोबर? मला 'हाय नून' जास्त धारदार वाटतो आणि 'रिओ ब्राव्हो' जास्त प्रेमळ. पण लागोपाठच्या दोन संध्याकाळी हे दोन्ही पाहिले की वेस्टर्न हा बंदुकांचा खेळ नसून गाव आणि माणूस यांच्यातल्या जबाबदारीचा वाद आहे, हे न सांगता समजतं.

थोडं पाहण्याच्या तंत्राबद्दल

१९५३च्या आधीच्या चित्रपटांची चौकट जवळपास चौकोनी असते. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. ते तसेच राहू द्या, झूम किंवा स्ट्रेच करू नका. नंतरचे चित्रपट रुंद पडद्याचे. त्यांच्या जुन्या टीव्ही आवृत्त्यांत कडा कापलेल्या असतात आणि कधी बोलणारा माणूसच चौकटीबाहेर जातो. मोबाइलवर तर मुळीच पाहू नका, कारण या चित्रपटांत क्षितिजावरचा ठिपक्याएवढा घोडेस्वारही कथेचा भाग असतो. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी सबटायटल्स लावा. वॉल्टर ब्रेननचं बोलणं भल्याभल्यांना कळत नाही. हिंदी डबिंग टाळा. ओटीटीवर काय कुठे आहे ते सारखं बदलतं, म्हणून नाव आणि साल दोन्ही टाकून शोधा, कारण एकाच नावाचे जुने आणि नवे चित्रपट आहेत.

तिसरी पायरी: फोर्ड आणि वेन

इथे घाई नको. जॉन फोर्डला दिग्दर्शनाची चार ऑस्कर मिळाली, आजवर दुसऱ्या कुणालाही इतकी मिळालेली नाहीत. आणि त्यातलं एकही वेस्टर्नसाठी नाही. तरी त्याचं नाव उरलं ते वेस्टर्नमुळे.

आधी 'स्टेजकोच' (१९३९). वेन तोवर पडलेला नट होता. १९३०च्या 'द बिग ट्रेल'मध्ये त्याला मोठी संधी मिळाली, चित्रपट आपटला, आणि पुढची वर्षं तो स्वस्तातल्या झटपट वेस्टर्नपटांत काढत होता. फोर्डने हट्टाने त्याला घेतलं. श्रेयनामावलीत पहिलं नाव मात्र क्लेअर ट्रेव्हरचं आहे. वेनचा पडद्यावरचा प्रवेश नीट पाहा: तो हातातली रायफल गरकन फिरवतो, कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे धावत जातो, मध्येच क्षणभर चित्र धूसर होतं आणि परत स्पष्ट होतं. त्या एका शॉटमधून पुढच्या चाळीस वर्षांचा तारा तयार झाला.

गोष्ट साधी आहे. एका घोडागाडीत नऊ माणसं, वाटेत अपाची या मूळ रहिवाशांच्या जमातीच्या हल्ल्याची धास्ती. गावाने हाकलून दिलेली वेश्या, दारुडा डॉक्टर, तुरुंगातून पळालेला पोरगा एकीकडे. लष्करी अधिकाऱ्याची गरोदर बायको, प्रतिष्ठित बँकर दुसरीकडे. जेवायला बसताना कोण कुणाशेजारी बसतं आणि कोण उठून जातं, एवढ्यातून फोर्ड त्या समाजाचा सगळा दंभ उघडा करतो. पंगतीत कुणाला कुठे बसवलं यावरून माणसं जोखणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. ऑर्सन वेल्सने 'सिटिझन केन' करण्याआधी हा चित्रपट वारंवार पाहून दिग्दर्शन शिकून घेतलं. पाठलागात अपाची घोडेस्वार पुढच्या घोड्यांवर उडी घेतो, खाली पडतो आणि अख्खी गाडी त्याच्यावरून जाते. ते काम स्टंटमन याकिमा कनटने स्वतः, खरोखर केलेलं आहे.

मग 'द सर्चर्स' (१९५६). वेनचा ईथन एडवर्ड्स गृहयुद्ध हरून उशिरा भावाच्या घरी परततो. कोमांची जमातीचे लोक हल्ला करतात, घर जाळतात, धाकट्या पुतणीला पळवतात. ईथन तिला वर्षानुवर्षं शोधतो. पण हळूहळू लक्षात येतं की तो तिला वाचवायला निघालेला नाही. ती आता 'त्यांच्यातली' झाली असेल तर तिला मारायला निघालाय. वेनच्या सरळ, विश्वासू प्रतिमेला फोर्डने इथे द्वेषाने पोखरलेल्या माणसाचा चेहरा दिला. म्हणूनच 'स्टेजकोच' आधी पाहायचा.

सुरुवातीच्या भागात एक प्रसंग आहे. वहिनी आत ठेवलेला ईथनचा कोट घेते आणि त्यावरून हात फिरवते. बाहेरच्या खोलीत वॉर्ड बॉन्डचा कॅप्टन कॉफी पीत उभा असतो. त्याला दिसतं. तो नजर समोर ठेवून कॉफी पीत राहतो. एक शब्द बोलला जात नाही, आणि ईथन इतकी वर्षं घरी का आला नव्हता ते कळून जातं. शेवट सांगत नाही. पहिल्या आणि अखेरच्या दृश्यातल्या दरवाजाकडे लक्ष ठेवा एवढंच सांगतो.

दोन्ही चित्रपटांत दिसणारे उंच तांबडे सुळके अॅरिझोना आणि युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीचे. ती नवाहो लोकांची भूमी आहे, आणि पडद्यावर अपाची किंवा कोमांची म्हणून दिसणारे बहुतेक लोक प्रत्यक्षात नवाहो आहेत. 'द सर्चर्स'मधला कोमांची प्रमुख मात्र बर्लिनमध्ये जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने केला. मूळ रहिवाशांची ही वागवणूक या परंपरेतला सगळ्यात मोठा दोष आहे. 'स्टेजकोच'मध्ये त्यांना ना चेहरा आहे ना म्हणणं. डेल्मर डेव्हसचा 'ब्रोकन अॅरो' (१९५०) त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहतो, फोर्डनेही 'शायेन ऑटम' (१९६४) मध्ये उशिरा भरपाईचा प्रयत्न केला. पण दोन्हीकडे प्रमुख भूमिका बाहेरच्या नटांनाच मिळाल्या. तरुण मुलांबरोबर हे चित्रपट पाहत असाल तर यावर आधी बोलून घ्या. नुसतं काळाचं कारण देऊन सोडून देऊ नका.

चौथी पायरी: दोन छोटे, कडक चित्रपट

जेम्स स्टुअर्ट दुसऱ्या महायुद्धाआधी भोळाभाबडा, सज्जन नायक होता. युद्धात त्याने बॉम्बर विमानं चालवली. परतल्यावर अँथनी मानने त्याच्यातला संताप बाहेर काढला आणि १९५० ते १९५५ या काळात दोघांनी पाच वेस्टर्न केले. पहिल्या 'विंचेस्टर ७३'साठी स्टुअर्टने ठरलेल्या मानधनाऐवजी नफ्यात वाटा घेतला आणि हॉलिवूडमधल्या ताऱ्यांचं अर्थकारणच बदललं. तुम्ही मात्र त्यांचा 'द नेकेड स्पर' (१९५३) घ्या: जवळजवळ सगळा भार पाच नटांवर, सगळं उघड्या डोंगरात. इनामासाठी कैद्याला घेऊन निघालेला नायक, आणि ते पैसे त्याला आतून कसे कुरतडतात ते.

जोडीला 'राइड लोनसम' (१९५९). तोच मामला, कैदी आणि इनाम. पण दिग्दर्शक बड बेटिकर आणि नायक रँडॉल्फ स्कॉट. सव्वा तासाच्या आत संपतो. स्टुअर्ट उकळतो, स्कॉट दगडासारखा शांत. यातलाच एक खलनायक आहे ली व्हॅन क्लीफ. 'हाय नून'मधल्या टोळीतला तो न बोलणारा माणूस आठवतोय ना? तोच. पुढे फोर्डच्या 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये भेटेल, मग इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेकडे मोठ्या भूमिकेत.

बायकांना या सगळ्यात फार थोडी जागा आहे. त्याला सणसणीत अपवाद निकोलस रेच्या 'जॉनी गिटार'चा (१९५४): सलूनची मालकीण जोन क्रॉफर्ड, तिची वैरीण मर्सिडीज मॅकेम्ब्रिज, आणि पुरुष बाजूला उभे.

पाचवी पायरी: फोर्डपासून 'शोले'पर्यंत

नट हेन्री फोंडाला आधी फोर्डच्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६) मध्ये भेटा. टूमस्टोन गावातल्या २६ ऑक्टोबर १८८१च्या चकमकीवर तो बेतलेला आहे. खरी चकमक अर्ध्या मिनिटाची होती आणि चित्रपटाने बराच इतिहास बदललाय, तेव्हा तारखा तपासत बसू नका. फोंडाचा मार्शल खुर्ची मागे कलवून, खांबाला पाय टेकवून बसतो, ते पाहा; इतका सभ्य, इतका मोकळा माणूस वेस्टर्नमध्ये क्वचित दिसतो.

आता सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८). फोंडा निळे डोळे झाकणाऱ्या तपकिरी लेन्स आणि मिशी लावून आला होता. लिओनेने दोन्ही काढायला लावलं. त्याला तोच ओळखीचा सज्जन चेहरा हवा होता, कारण त्या चेहऱ्याचा माणूस पहिल्याच प्रवेशात जे करतो त्याने प्रेक्षक हादरला पाहिजे. 'क्लेमेंटाइन' न पाहता हा धक्का बसतच नाही. एनिओ मॉरिकोनेचं संगीत आधी तयार झालं होतं आणि चित्रीकरणाच्या वेळी सेटवर वाजवलं जायचं. नट त्या लयीत चालतात. पावणेतीन तासांची आवृत्तीच पाहा, अमेरिकेत आधी कापलेली दाखवली होती. ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं वाटलं तर फाइल खराब नाही. इटालियन चित्रपटांत आवाज नंतर भरायची पद्धत होती. लिओनेचे बहुतेक वेस्टर्न स्पेनमधल्या आल्मेरियाजवळ झाले, पण या चित्रपटासाठी तो मुद्दाम मॉन्युमेंट व्हॅलीत गेला. फोर्डच्या अंगणात.

मध्ये जपानही येतं. अकिरा कुरोसावा फोर्डचा चाहता. त्याच्या 'सेव्हन समुराई'वरून (१९५४) जॉन स्टर्जेसने 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) केला, आणि 'योजिम्बो'वरून (१९६१) लिओनेने न विचारताच 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४). दाव्याची वेळ आली आणि लिओनेच्या निर्मात्यांना कमाईतला वाटा द्यावा लागला.

आणि मग १५ ऑगस्ट १९७५. 'शोले' तुम्हाला पाठ असेल, तरी या टप्प्यावर परत पाहा. गावाच्या रक्षणासाठी भाड्याने आणलेली माणसं कुठून आली ते 'सेव्हन समुराई'मुळे कळेल. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधल्या मॅकबेन कुटुंबाच्या प्रसंगाशेजारी ठेवून पाहा: अचानक पडलेली शांतता, मग एकेकाचं कोसळणं. रामनगरमच्या खडकांनी इथे मॉन्युमेंट व्हॅलीचं काम केलंय, आणि रेल्वेवरचा दरोडा पनवेलजवळचा आहे. पण सलीम-जावेद नक्कल करून थांबले नाहीत. इमामसाहेबांच्या मुलाचं प्रेत गावात येतं तो प्रसंग, तरुण सचिन पिळगावकरांचा तो अहमद, हे दुःख कुठल्याही अमेरिकन वेस्टर्नमध्ये या रीतीने मांडलेलं नाही. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं चाललेला चित्रपट नुसत्या उसनवारीवर चालत नाही.

सहावी पायरी: उतरती संध्याकाळ

फोर्डचा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) 'स्टेजकोच' आठवत असतानाच पाहा. परत कृष्णधवल, परत वेन, परत अँडी डिव्हाइन आणि जॉन कॅरडाइन; पण मोकळं आकाश गेलं, बहुतेक सगळं स्टुडिओत. वकील झालेला स्टुअर्ट कायद्याची पुस्तकं घेऊन येतो, वेनकडे बंदूक आहे, आणि गाव घडवण्याचं श्रेय कुणाला मिळतं याची ही फार कडू कथा आहे. वेन वयाने मोठा दिसतो अशी तक्रार करतात. मला ते वय कथेला पोषकच वाटतं.

त्यानंतर सॅम पेकिन्पाचा 'द वाइल्ड बंच' (१९६९). १९३४पासून सक्तीने राबवलेली, पडद्यावर काय दाखवायचं नाही ते ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता १९६८मध्ये गेली, आणि पहिल्यांदा वेस्टर्नमधली गोळी शरीराचं काय करते ते दिसलं. काळ १९१३चा, मोटारगाडी आणि मशीनगन आलेली. लहान मुलांना बरोबर घेऊ नका.

क्लिंट ईस्टवुडचा 'अनफरगिव्हन' (१९९२) अगदी शेवटी ठेवा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. तो अर्पण केलाय सर्जिओ आणि डॉन यांना, म्हणजे लिओने आणि डॉन सीगल. सीगल कोण ते समजून घ्यायचं तर आधी त्याचा 'द शूटिस्ट' (१९७६) पाहा: कर्करोगाने मरणाऱ्या पिस्तूलबाजाच्या भूमिकेत वेन, त्याचा हा अखेरचा चित्रपट, तीन वर्षांनी वेन स्वतः कर्करोगानेच गेला.

एवढं झाल्यावर पुढच्या जोड्या तुम्हीच लावाल. सुचवायच्याच तर दोन: '३:१० टू युमा' १९५७चा आणि २००७चा, 'ट्रू ग्रिट' १९६९चा, ज्यासाठी वेनला एकुलतं एक अभिनयाचं ऑस्कर मिळालं, आणि कोएन बंधूंचा २०१०चा. दोन्ही वेळा जुना आधी पाहा.